दोन्ही हातांचा कॅमेरा

ही गोष्ट कोणाला पटायची नाही. ब्राह्मणपुरीत नाही, शहाद्यात नाही, आणि जिथल्या माणसांना स्वतःच्या सावलीचाही संशय येतो त्या रनाळ्यात तर नाहीच नाही. पण घडली ती उमाकांतच्या विहिरीत, आणि रेवजी नाना ती सांगताहेत उमाकांतच्याच ओट्यावर, त्याची सून जागृती समोर शेंगा फोडत बसलेली असताना. याहून पक्का पुरावा ज्याला हवा असेल त्यानं विहिरीत उतरावं आणि घेऊन यावा.

रनाळ्याचा हेमराज विहिरीत बुडी मारणारा. पडलेली मोटार, अडकलेला पाइप, कोणाचा मोबाइल, कोणाची पाटली, सगळं तो काढून देई. सोबत तळहाताएवढा कॅमेरा असायचा, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद, मनगटाला दोरीनं लटकवलेला. खाली जे दिसेल त्याचा फोटो काढून वर मालकाला दाखवायचा. एक हात कॅमेऱ्यावर, दुसरा पाण्यातल्या मोटारीपासून वर आलेल्या पाइपवर. पाइपवरचा हात त्यानं पंधरा वर्षांत कधी सोडला नव्हता.

उमाकांतच्या विहिरीनं मात्र त्या डबीला हरवलं. विहीर साठ फूट, पाणी चाळीस फूट आणि तळाशी पुरुषभर गाळ. पश्चिमेच्या बांधकामाला तडा गेल्याची शंका होती. गाळ काढायला धडगावकडच्या डोंगरातून वीरसिंग, त्याची बायको दिवलीबाई आणि आणखी तिघं येऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी पाणी उपसायचं आणि माणसं खाली सोडायची, असं ठरलेलं. आता विहिरीचं असं असतं की, भरलेलं पाणीच आतून भिंतीला टेकू देत उभं असतं. तडा खोल असेल आणि पाणी उपसलं, तर भिंत पाचही जणांच्या अंगावर येणार. म्हणून उपसा करायच्या आधी तड्याचा स्वच्छ फोटो हवा होता. फोटो नाही तर अंदाज, आणि अंदाज चुकला तर पाच माणसं.

हेमराजनं त्या डबीतून चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत पांढरं पीठ उधळल्यासारखं. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोरचं धुकंच उजळतं आणि रस्ता नाहीसा होतो, तसं. डबीचा फ्लॅश भिंगाच्या कानाशी, त्यामुळे पाण्यातला गाळाचा कण न् कण लखलखायचा आणि तडा मागे अंधारात राहायचा.

म्हणून त्यानं सुरतेच्या एका माणसाकडून मोठा कॅमेरा आणला, समुद्रात फोटो काढून झालेला. धातूचं जाड कवच, पुढं काचेचा घुमट आणि दोन बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन लांब हात, टोकाला एकेक फ्लॅश. फ्लॅश असे दूर धरले की उजेड तिरका पडतो, मधला गाळ उजळत नाही आणि भिंत दिसते. वजन सहा किलो. पाण्यातही तो बुडायचाच, फक्त हळू. आणि धरायला दोन्ही हात लागायचे. ही गोष्ट हेमराजनं कोणाला सांगितली नाही, पण त्याच्या बायकोच्या, रविनाच्या, लक्षात आली. कवचाच्या रबरी कड्याला ती बोटानं ग्रीस लावत होती. कड्यावर एक केस राहिला तरी पाणी आत शिरतं, म्हणून बॅटरी पाजळून कडं फिरवून फिरवून पाहत होती. पाहता पाहता म्हणाली,

"कॅमेरा गया तं दुसरा ली येसूत. पाइपवरना हात सोडू नका."

हेमराज हो म्हणाला. खोटं बोलायचा मक्ता काही एकाच माणसाकडे नसतो.

सकाळी अकराच्या सुमारास तो विहिरीवर गेला तेव्हा लाईट नव्हती. उमाकांतनं तो कॅमेरा पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, विहीरना फोटू काढना शेतस का लगीनना?" सगळे हसले. वीरसिंग हसला नाही. उद्या त्या भिंतीखाली तो उभा राहणार होता.

हेमराजच्या कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक वीरसिंगच्या हातात. तीन झटके म्हणजे वर ओढा. तोंडात हवेची नळी, नळीचा कंप्रेसर डिझेल इंजिनावर, आणि इंजिन असं धडधडत होतं की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागे. मोटारीकडे कोणी पाहिलंच नाही. लाईटच नाही तर मोटार बंदच, त्यात पाहायचं काय? पण स्टार्टरच्या पेटीत ऑटो लावलेला होता. लाईट आली की मोटार आपोआप चालू व्हावी, शेतकऱ्याला हेलपाटा पडू नये, म्हणून आपल्याकडे सगळेच लावतात. तो काढायचा राहिला.

दहा फुटांवर पाणी हिरवं होतं, वीस फुटांवर काळपट, आणि तिसाव्या फुटावर हेमराजला स्वतःचे गुडघे दिसेनात. तिथं पश्चिमेची भिंत होती. एका हातानं कॅमेरा उचलून पाहिला, नांगी खाली लोंबली. पुन्हा उचलला, पुन्हा लोंबली. मग त्यानं पाइपवरचा हात सोडला.

पाइप सुटल्यावर विहिरीला बाजूच उरली नाही. वर कुठं, खाली कुठं, हे फक्त बुडबुडे सांगत होते. त्यानं दोन्ही नांग्या फाकवल्या आणि बटण दाबलं. त्या एका क्षणात भिंत उभी राहिली, चुन्याच्या रेघांसकट. तडा कोपर शिरेल एवढा रुंद होता आणि आत, भिंतीच्या पोटात, नुसता काळोख. दगड जागेवर होते ते केवळ पाण्यानं धरले होते म्हणून. फोटो लखलखीत आला. एवढा स्वच्छ की तड्यात बसलेला खेकडा दोन्ही हात वर करून शरण आलेला दिसत होता.

आणि मग मोटार सुरू झाली.

आधी आवाज आला नाही. आधी दात आले. म्हणजे दातांना मुंग्या आल्या, दाढेतल्या चांदीला तर इंगळीच डसली. पाण्यात वीज उतरतेय का, हा विचार माणसाच्या डोक्यात येतो तेव्हा त्याचं पाण्यातलं सगळं अंग एकदम त्याला नको होतं. मागोमाग गाळ हलला. कमरेच्या दोराचा ढिला भाग मोटारीच्या जाळीकडे सरकला, चिकटला, आणि पाइपला वेढे देऊन बसला. हेमराजनं तीन झटके दिले. ते पाइपपाशीच संपले. वर वीरसिंगच्या हातात दोर शांत होता, आणि नळीतून हवा नीट जात होती, म्हणजे माणूस ठीक आहे असंच त्याला वाटलं. इंजिनाच्या आवाजात मोटार कोणाला ऐकू येईना. पाणी जमिनीखालच्या पाइपानं थेट पपईत जात होतं, म्हणून दिसेना.

उमाकांतची मोटार म्हणजे, खोटं नाही, दोन तासांत गोमाई नदी उलटी वाहायला लावील अशी. पाणी उतरू लागलं. भिंतीचा टेकू निघू लागला. पहिला दगड हेमराजच्या खांद्याला चाटून गेला. दुसरा त्याला दिसला नाही, फक्त पायाखाली गाळात धप्प झाल्याचं जाणवलं. कमरेची गाठ ओल्यानं आवळली होती, ती सोडायला दोन्ही हात हवे होते. कॅमेरा सोडावा तर तो पुरुषभर गाळात जाईल, फोटो जाईल, आणि त्या धांदलीत वर जाऊन आपण काही सांगेपर्यंत आपणच उरू की नाही कोण जाणे. तिसरा दगड पडला. हेमराजला रविनाचं ग्रीस लागलेलं बोट आठवलं, आणि रडू आलं. पाण्यात रडलेलं कळत नाही, एवढीच काय ती सोय.

मग त्यानं दोन्ही नांग्या वर केल्या, काचेचा घुमट आभाळाकडे केला, आणि बटण दाबलं. थांबला. दाबलं. थांबला. दाबलं.

वर विहिरीतून वीज चमकल्यासारखं झालं. तीनदा. उमाकांत म्हणाला, आपलाच फोटो काढतोय वाटतं, आणि त्यानं टोपी सरळ केली. दिवलीबाई मात्र काठावर पालथी झोपली. तिचं सगळं आयुष्य विहिरी खणण्यात गेलेलं. त्या उजेडात तिला पाण्याच्या वर दगडांवर ओला पट्टा दिसला, हातभर रुंद. आत्ताच ओला होता, म्हणजे आत्ताच पाणी तिथं होतं. ती उठली, कोणाला काही न बोलता लिंबाखालच्या पेटीकडे धावली आणि मेन स्विच खाली ओढला.

मोटार थांबल्यावर दोर जाळीतून ढिला झाला. हेमराजला वर काढला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता, आणि दोन्ही मुठी कॅमेऱ्यावरून उघडेनात. वीरसिंगनं त्याचं एकेक बोट सोडवलं. मग सगळ्यांनी मागच्या पडद्यावर तो तडा पाहिला. वीरसिंगनं आपलं कोपर त्या फोटोशेजारी धरलं, दिवलीबाईकडे पाहिलं, आणि कुदळी परत पोत्यात भरायला लागला. त्या विहिरीत कोणी उतरलं नाही, आजवर नाही.

इथं ओट्यावर चहा निवून गेला तरी कोणी कप उचलला नाही. जागृतीनं मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाली,

"फोटू खरा शे, रेवजी नाना, मी देखेल शे. पण त्या हप्तामा आपला फीडरले लाईट रातले व्हती. दिनमा येतच नव्हती. बारा-बारा वाजता उठीसन पपईले पाणी मी भरं. मंग सकायले अकरा वाजता मोटार कोनी चालू करी, तुम्ही?"