टोपीखालचे चेहरे

लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर साबिना तिकोना नवऱ्याला घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. सरोवराकाठच्या कोपाकबाना गावात चर्चसमोर फोटो काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं होतं.

तिनं शालीतून जुना फोटो काढला. चर्चची पांढरी भिंत लख्ख, तिच्यापुढे दोन टोप्या, आणि टोप्यांखाली चेहऱ्यांच्या जागी नुसता काळोख.

"नवरा कोणता, ते बुटांवरून ओळखायचं," ती म्हणाली. "मास्तर, तुमचंच काम हे."

फोटोच्या मागे माझाच शिक्का होता.

"तेव्हा नवखा होतो, बाई. भिंतीवरचा उजेड मोजला, तुमच्या तोंडावरचा मोजायचा राहिला."

"मग आता मोजा."

रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. नवा रोल ला पास शहरातून शनिवारी येणार. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. टोपी काढा म्हटलं, तर ती भडकली.

"लग्नातली टोपी आहे. डोक्यावरच राहील!"

मी उजेड मोजायचा मीटर तिच्या गालाजवळ धरला, कॅमेऱ्यावर आकडे लावले. मी बटण दाबायला आणि सरोवरावरून ढग यायला एकच गाठ पडली. उजेड पार उतरला होता. गप्प बसलो असतो, तर आठवडाभर तरी कुणाला कळलं नसतं.

"बिघडला," मी म्हणालो. "ढग आला. आता एकच उरलाय."

"बघ!" तिचा नवरा बासिलियो म्हणाला. "चल, होडी सुटेल."

"होडी उद्याही सुटते. बस खाली."

दोघं पायरीवर बसली. ऊन यायचं, जायचं. मी दर वेळी आकडे बदलत होतो. तिनं भाजलेले मक्याचे दाणे काढले, मूठभर मलाही दिले. अर्ध्या तासानं एक पातळ, पसरट ढग सूर्यावर आला आणि तिथंच रेंगाळला. सावल्या विरल्या, मऊ उजेड टोप्यांखाली शिरला. मी दोघांच्या गालांजवळ मीटर धरून पाहिला आणि भिंगाचं छिद्र दोन घरं मोठं केलं.

"आता हलू नका."

बासिलियोच्या ओठाला दाणा चिकटला होता. तिनं तो अंगठ्यानं पुसला. तिचा हात खाली येईपर्यंत मी थांबलो, मग बटण दाबलं.

पुढच्या रविवारी ती एकटीच आली. फोटोत सगळं आलं होतं. बासिलियोच्या भुवईवरचा व्रण, तिचा तुटका दातसुद्धा.

"मास्तर," फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "ही तर माझी आई."

तिच्या आईचा फोटो कधी निघालाच नव्हता, असं तिनं सांगितलं. फोटो मांडीवर ठेवून ती पायरीवर बसून राहिली. मी पुढच्या गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.