नावाड्याचा काळा चष्मा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम घरच्या धाकट्या सुनेकडे होतं. दुकान थोरल्या दिरांचं. ते पुढे काउंटरवर, ही मागच्या खोलीत मशीनवर.

थोरल्यांच्या जिभेवर साखर होती. पोलराइज्ड काच विकताना ते गिऱ्हाइकाच्या हातात एक चकचकीत चित्र देत. नुसत्या डोळ्यांना त्यात धुकंच दिसे. नमुन्याचा चष्मा लावला की मासा उमटे. गिऱ्हाईक तिथेच गार.

एकदा नव्या काचांचा डबा आला. पोलराइज्ड काच कशीही बसवून चालत नाही. पाण्यावरून, ओल्या रस्त्यावरून उसळणारी चमक बहुतेक आडवी येते, आणि या काचेतला पापुद्रा उभ्या गजांसारखा ती अडवतो. गज तिरपे झाले की चमक आत शिरलीच. म्हणून काचेवर दिशेची खूण असते. या काचांवर खूणच नव्हती. धाकटीने एक काच कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरून फिरवली. पडद्याचा उजेडही एकाच दिशेचा असतो; काच खरी असती तर एका कोनात पडदा काळा पडला असता. इथे काही बदललं नाही. मग एकेक करून सगळ्या तपासल्या, डब्यातली एकही काच खरी निघाली नाही.

"भावजी, ही नुसती रंगवलेली काच आहे."

"लोकांना काळं दिसल्याशी मतलब," थोरले मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. "तू आपली घासत राहा."

ती घासत राहिली. त्या दुपारी तिला डबा खाववला नाही. बोटांना लागलेली काचेची भुकटी तीनदा साबणाने धुतली, तरी हात ओशटच वाटत राहिले. असे अकरा चष्मे तिच्या हातून गेले.

अकरावा नावाड्याचा. सरोवरात माणसांची ने-आण करणारा, पासष्टीचा माणूस. पंधरा दिवसांनी तो परत आला, तक्रार घेऊन नाही, ओशाळून.

"तुमचा चष्मा चांगलाच असणार," तो थोरल्यांना म्हणाला. "माझेच डोळे गेले. दुपारी पाणी पेटल्यासारखं दिसतं, डोकं ठणकतं. परवा धक्क्याचा खांबच दिसला नाही. एका बाईचा हात चिरडता चिरडता वाचला. आता नाव जावयाला देऊन टाकतो."

"वय झालं काका," थोरले मायेने म्हणाले आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली पुढे सरकवली. "हे दोन वेळा घाला."

मागच्या खोलीत धाकटी ऐकत होती. त्या मायेच्या सुराची तिला अशी शिसारी आली, की ती मशीन बंद करून थेट बाहेर आली.

"काका, डोळे तुमचे ठीक आहेत. काच खोटी आहे. आणि ती मीच बसवलीय."

"आत जा," थोरले हळूच म्हणाले.

ती गेली नाही. तिने नावाड्याचा चष्मा त्या चित्रावर धरला. धुकं तसंच. मग नमुन्याचा धरला. मासा. नावाड्याने दोन्ही चष्मे हातात घेऊन स्वतः धरून पाहिले.

"माणूस मेला असता हो," तो थोरल्यांना एवढंच म्हणाला.

धाकटीने नमुन्याच्या चष्म्यातल्या काचा काढल्या, घासून दिशेची खूण बरोबर जुळवत नावाड्याच्या फ्रेममध्ये बसवल्या. थोरले काउंटर पुसत होते, आधीच स्वच्छ असलेलं.

आठवड्याने नावाड्याचा फोन आला. चमक गेली होती, डोकं दुखत नव्हतं, कडेच्या उथळ पाण्यात तळाचे गोटेसुद्धा दिसत होते. जावयाला त्याने नाही म्हणून सांगितलं होतं.

धाकटीला बरं वाटलं, पण आतली घाण काही निघाली नाही. घरी जाऊबाईंनी अबोला धरला होता. नवरा म्हणाला, "दादाला चारचौघांत बोलायला नको होतं." तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचीही तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी तिने गिऱ्हाइकांची वही उघडून उरलेल्या दहा जणांना फोन लावायला घेतले. पहिली शाळेची बस चालवणारी बाई निघाली. धाकटीने सगळं सांगितलं.

"मला वाटलं," ती बाई म्हणाली, "सगळ्यांना असंच दिसत असेल."