कोपरापासून खाली

हुकूम निघाला तेव्हा प्रसूतिगृहातल्या बायका आधी हसल्या. सरकारी इमारतीत काम करणाऱ्या कोणत्याही बाईचं मनगट दिसता कामा नये, बाही मनगटाच्या हाडाखाली उतरली पाहिजे, असा तो हुकूम होता. मोठ्या डॉक्टरांनी वर कळवलं की बाळंतिणीच्या खोलीत हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. वरून उत्तर आलं, साबण बाहीलाही लावता येतो. मग मात्र कुणी हसलं नाही.

तिथल्या सगळ्यात जुन्या नर्सला सगळे थोरली म्हणत. वयाने थोरली, कामाने थोरली, आणि रागावली की सासूपेक्षाही थोरली. तिने एक युक्ती काढली. पांढऱ्या कापडाच्या नुसत्या बाह्या शिवून घेतल्या, वरच्या टोकाला इलॅस्टिक. व्हरांड्यात चालताना चढवायच्या, बाळंतिणीच्या खोलीत शिरताना उतरवायच्या आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायच्या. रोज त्या धुऊन वाळत घालायचं काम आयाकडे आलं. तिला सगळे आत्या म्हणत. पांढऱ्या बाह्या दोरीवर ओळीने वाऱ्यावर हलायच्या आणि आत्या म्हणायची, "बघ गं थोरले, माणसं गेली नि हात राहिले."

चारचौघांत आत्या तिला 'सिस्टर, तुम्ही' म्हणे. मोरीवर दोघीच असल्या की 'अगं थोरले'. थोरली पोरसवदा असताना या खोलीत आली, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला घेरी येऊन पडली होती. तिला उचलून, तोंडावर पाणी मारून, पाठीत एक धपाटा घालून परत आत ढकललं ते आत्याने. चादरी खळबळताना आत्याच्या तोंडी काहीबाही असायचं, स्वतःच जुळवलेलं:

रक्ताचं गं पाणी झालं, पाणी गेलं मोरीतून,
कुणाचं गं सोनं आलं, अंधाराच्या घरातून.

शहरातही लोकांनी हुकूम असाच पचवला. तपासणी करणाऱ्यांना 'मनगटवाले' नाव पडलं. कचेऱ्यांच्या फाटकाशी हातगाडीवर सुट्या बाह्या विकायला आल्या, "जोडी घ्या, जोडी, साहेब दिसला की घाला, साहेब गेला की काढा." बायका चहा पिताना हसायच्या, आणि बाही नीट आहे ना हेही पाहून घ्यायच्या. काही जणी तर म्हणाल्या, बरं झालं बाई, उन्हाने हात काळे पडायचे राहतील. माणूस कशालाही सरावतो, आणि सरावला की त्यातलं सुख शोधतो.

एके दिवशी भर दुपारी एक पहिलटकरीण अडली. बाळाचं डोकं बाहेर, खांदा आत अडकलेला. डॉक्टर दुसऱ्या इमारतीत. थोरलीने हात आत घातला, बाळाचा मागचा हात चाचपून, वाकवून, हळूच खाली ओढून आणला, आणि मग सगळं बाळ माशासारखं निसटून तिच्या हातांवर आलं. निळं होतं. चोळलं, उलटं केलं, फुंकर घातली. मग ते असं रडलं, की व्हरांड्यात त्याची आजी मटकन खालीच बसली.

बाळ दारात नेऊन दाखवायची तिथली रीत. थोरलीने हातमोजे काढले, हात धुतले, बाळ पुसलं आणि तशीच दाराशी आली. बाह्या खिळ्यालाच राहिल्या. अर्ध्या दाराला पडदा होता. पडद्याखालून दोन उघडे, ओले हात आणि त्यावर बाळ, एवढंच बाहेर आलं. बापाने फोटो काढला. आनंदात शुद्ध कुणाला असते? संध्याकाळपर्यंत तो फोटो शहरभर झाला.

आणि शहर वेडं झालं. ना चेहरा, ना नाव, नुसते हात. डाव्या हातावर एक भाजल्याचा डाग, आणि त्या डागाशी गाल टेकून रडणारं बाळ. पोरांनी भिंतींवर कोळशाने ते हात काढले. दुकानांत चिकटवले. लिहिणाऱ्यांनी लिहिलं, की हेच आपल्या आयांचे हात, यांनाच झाकायला निघालात? थोरली कामावरून घरी जाताना भिंतीभिंतीवर स्वतःचे हात बघत जायची, बाहीच्या आत ते हात ठेवून. मोरीवर आत्या चेष्टा करायची. "आता भाव खाशील गं. मला विचारशील का?"

"गप. कुणी ऐकेल."

"ऐकू दे. हात तर माझ्याच दोरीवर वाळतात."

आठवड्याने हुकूम काढणारी समिती आली. तीन पुरुष आणि एक सदस्यबाई. टेबलावर तो फोटो मोठा करून आणलेला, पाटाएवढा. आधी बाळाच्या बापाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मी फक्त बाळाकडे बघितलं. परक्या बाईच्या हाताकडे मी कशाला बघू?" फोटो त्यानेच काढलेला. पण समितीला हे उत्तर फार सभ्य वाटलं.

मग प्रसूतिगृहातल्या सगळ्या बायका भिंतीशी ओळीने उभ्या केल्या आणि हुकूम झाला: बाह्या वर करा.

कुणाला खरं वाटेना. अध्यक्ष खाकरले. "तपासासाठी आहे. पुरुष सदस्य बघणार नाहीत." आणि तिघांनी आपापल्या खुर्च्या करकर वाजवत भिंतीकडे फिरवल्या. सदस्यबाई फोटो हातात धरून एकेकीच्या हातापुढे थांबू लागल्या. उघडं मनगट शोधायला त्यांनी सगळ्यांचीच मनगटं उघडी केली होती, पण हे म्हणायचं कुणी?

डाग बहुतेक सगळ्यांनाच होता. हत्यारं उकळायच्या भांड्याचं झाकण कुणालाच सोडत नसे; इथे कामाला लागलं की ते पहिल्या वर्षातच ओळख करून घ्यायचं. सदस्यबाई दोनदा फिरल्या, कंटाळल्या, म्हणाल्या, "सगळ्यांचे हात सारखेच दिसतात हो."

भिंतीकडे तोंड करून अध्यक्ष म्हणाले, "जिचे असतील तिने सांगावं. नाही तर सगळ्यांनाच घरी पाठवू. दुसऱ्या आणू."

थोरली पुढे व्हायला निघाली. पाय उचलला होता. तेवढ्यात शेजारून आत्या पुढे झाली.

"माझे आहेत," आत्या म्हणाली. "सिस्टर कामात होत्या, म्हणून बाळ मी दाखवलं. बाही राहिली. चुकलं."

थोरलीने तोंड उघडलं. आत्याने मागे वळून पाहिलं. पहिल्या बाळंतपणाला पाठीत धपाटा घालताना असेल तशी ती नजर होती. त्याच वेळी आतल्या खोलीतून एक बाई कण्हली. तिला कळा सुरू झाल्या होत्या, आणि आत दुसरं कुणी नव्हतं. थोरलीने तोंड मिटलं. त्या बाईसाठी मिटलं की भीतीने, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही.

अध्यक्षांना सुटल्यासारखं झालं. नर्सला काढायचं तर दुसरी मिळेतो दहा ठिकाणी लिहावं लागतं. आया काय, फाटकाबाहेर उभ्याच असतात. आत्याला त्याच दिवशी काढलं. जाताना ती वाळलेल्या बाह्या काढून, घडी करून, थोरलीच्या हातात देऊन गेली. "आत जा," एवढंच म्हणाली.

थोरलीला वाटलं होतं, आता शहर पेटेल. भिंतीवरच्या हातांना नाव मिळालं, माणूस मिळालं. आता लोक आत्याच्या दारात रांग लावतील.

रांग लागली, पण प्रसूतिगृहाच्या दारात. लोक चिडले होते, समितीवर नव्हे. झाडूवाली बाळंतपणं करते? मोरी धुणारे हात बाळाला लावता? आमची सून इथेच सुटली, तिला कुणी हात लावला होता, सांगा आधी. ज्यांनी ते हात भिंतीवर काढले होते, त्यांनीच चुना आणून फासला. लिहिणाऱ्यांनी लिहिलं, की प्रश्न बाहीचा नाहीच, प्रश्न स्वच्छतेचा आहे. समितीला तर हुकूम काढल्यापासून पहिल्यांदाच लोकांनी शाबासकी दिली.

सुट्या बाह्यांवर बंदी आली. शिवलेली बाही, मनगटाशी बटण, आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली एक तपासणीस. ओल्या बाह्यांनी बाळंतपणं होऊ लागली. बाळंतिणींना ताप येऊ लागला. वर विचारलं, तर उत्तर आलं, हवा बदलली आहे.

सुटीच्या दिवशी थोरली आत्याच्या खोलीवर गेली. आत्या खिडकीशी हात मांडीत घेऊन बसली होती. तिला नुसतं बसलेलं थोरलीने कधी पाहिलं नव्हतं.

"मी उद्या जाऊन सांगते त्यांना," थोरली म्हणाली. "हात माझे आहेत."

"सांग की. मला खोटं बोलले म्हणून धरतील, तुला खरं बोललीस म्हणून काढतील. मग दोघी मिळून इथं बसू, तांदूळ निवडत."

आत्याने दोन्ही हात तिच्या नाकापुढे धरले.

"कसला वास येतो गं?"

"आत्या, काय हे…"

"सांग तर."

"फिनेलचा."

"त्याचाच. कामावरून जाऊन इतके दिवस झाले तरी जात नाही. तुमच्या खोलीतली सगळी घाण काढली या हातांनी, आणि आता घाण म्हणजे हेच. नोकरी गेल्याचं काही नाही गं. खालची दुकानदारीण सुटे पैसे फळीवर ठेवते आता, हातात देत नाही." आत्याने हात परत मांडीत घेतले. "सगळ्यांना सांगू नकोस. त्या बाळाच्या घरात तेवढं सांग. तिथं तरी कुणी म्हणू दे, आत्याचे हात वाईट नव्हते."

पुढच्या तपासणीला ते बाळ आलंच. आई, आजी आणि टोपडं बांधलेलं ते. गुटगुटीत झालं होतं. आजीने आत येताच दार लोटून घेतलं आणि थोरलीला कोपऱ्यात ओढलं.

"सिस्टर, नीट बघा हो याला. त्या बाईने हात घातला म्हणे. रात्री दचकतो. काही लागलं तर नसेल ना?"

"मी सांगतेय ना तुम्हाला," बाळाची आई हळूच म्हणाली, "याच सिस्टर होत्या."

"तुला काय शुद्ध होती? तुला तर मीही ओळखू येत नव्हते." आजी परत थोरलीकडे वळली. "हिला त्रास नको म्हणून घरात कुणी बोलत नाही. पण माझ्या जिवाला घोर लागलाय."

थोरलीने बाळ आईच्या मांडीवर दिलं. डाव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सरकवली. डाग दिसला. फोटोतल्यासारखाच, पानाच्या आकाराचा.

"तुमच्या नातवाला या हाताने काढलंय," ती म्हणाली. "आत्याने नाही. ती मला वाचवायला खोटं बोलली. आणि तिने काढलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. माझ्याइतकेच तिचे हात चांगले आहेत. ती नसती तर मी इथे टिकलेच नसते."

आजी डागाकडे बघत राहिली. मग तिने बोटाने तो हळूच चाचपला. तिचे डोळे भरून आले.

"देवासारख्या आहात. जीव भांड्यात पडला माझा. म्हणजे नर्सच होती. त्या बाईचा हात लागलाच नाही."

"मग हे बाहेर सांगाल?" थोरलीने विचारलं. "तुमच्या शेजारी, बाजारात. आत्याला लोक नाही नाही ते बोलतात."

"कशाला हो?" आजी चटकन म्हणाली. "तुमची नोकरी जायची. आणि आमच्या बाळाचं नाव पुन्हा त्या भानगडीत. आम्हाला कळलं ना? आम्हाला पुरे." तिने दाराकडे पाहिलं. फटीतून तपासणीसबाईची खुर्ची दिसत होती. "झाका आधी. कुणी बघेल."

थोरली तशीच उभी राहिली. तिचा हात उघडाच होता. बाळाच्या आईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून टोपड्याची गाठ सारखी करत बसली.

मग आजीनेच पुढे होऊन, लहान पोरीला शाळेत पाठवताना करावी तितक्या मायेने, थोरलीची बाही खाली ओढली. चुरगळली होती ती हाताने सरळ केली, बटण लावलं, आणि मनगटावर हलकेच थोपटलं.

"असं," ती म्हणाली. "आता काही दिसत नाही."