दुसरी चावी

नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, चार शब्द बोला, असं गिरजाबाईंनी सांगितल्यापासून बाबुलाल बिसेन यांची झोप उडाली होती. आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवण्यात गेलं. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्यांनी पाच दिवसांत अकरा पानं लिहिली आणि दहा फाडली. त्यांचे मित्र धोंडबा रामटेके शहाऐंशी वर्षं जगले, त्यातली चौतीस बँकेत काढली, दोन लेकरं शिकवली, हुडको कॉलनीत घर बांधलं. हे सगळं खरं होतं, पण असं तर कोणाबद्दलही लिहिता आलं असतं.

आणि भाषण ही त्यांची खरी अडचण नव्हतीच. खरी अडचण त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. धोंडबांच्या कपाटाची चावी.

त्या लोखंडी कपाटाला दोन कुलुपं होती. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्यांशिवाय उघडत नाही आणि त्या दोन्ही चाव्या कधी एका हाती जात नाहीत. धोंडबांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तसंच घरात केलं. एक चावी त्यांची, एक गिरजाबाईंची. सेक्टर सहामध्ये राहत होते तेव्हा आजूबाजूच्या क्वार्टरातली माणसं हसायची. "रामटेकेबाबू, बायकोवर भरोसा नाही का?" धोंडबा चष्मा पुसत म्हणायचे, "भरोसा हाय, म्हणून तर अर्धं तिले देलं."

जायच्या दोन दिवस आधी, दवाखान्यात, त्यांनी उशाखालून आपली चावी काढली आणि बाबुलालांच्या मुठीत दाबली. "बिसेनजी, चार्ज घ्या." एवढंच म्हणाले. बाबुलालांना वाटलं, माणूस घरी येईल तोवर सांभाळायची. माणूस आलाच नाही. अंत्यविधीच्या गर्दीत द्यावी कशी, म्हणून ते थांबले. दुसऱ्या दिवशी धोंडबांचा मुलगा सुगत अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबांची चावी कोणी उचलली काय?" तो शब्द ऐकला आणि बाबुलाल मुकाट्यानं घरी निघून आले. त्यानंतर सांगणं रोज आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

"आठ दिवस झाले, चावी खिशात घेऊन हिंडून राहिले," त्यांची बायको मैनाबाई पोहे परतता परतता म्हणाल्या. "चोर तरी एवढा भिते काय?"

"कोणाले देऊ? वहिनीले देली तर दोन्ही एका हाती जातीन. धोंडबाले ते चाललं नसतं."

"मंग सुगतले द्या."

"सुगतले द्यायची असती तर धोंडबानं मले कावून देली?"

मैनाबाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं. "ते आता त्यालेच विचारा," त्या म्हणाल्या.

रविवारी हुडकोतल्या घरापुढे मांडव पडला. बुद्धवंदना झाली. बाबुलाल कागदाची घडी धरून दाराजवळ बसले होते, तेवढ्यात आतून मायलेकांचं बोलणं कानावर आलं.

"आई, कागद पायजेत ना पेन्शनचे. उद्या माझी ड्यूटी आहे नागपूरला. कुलूपवाला चार वाजता येऊन राहिला."

"मी जिती हाय तोवर माह्या कपाटाले छिन्नी लागनार नाही."

"मग उघडायचं कसं? तूच सांग."

बाबुलालांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. माईकवरून त्यांचंच नाव पुकारलं गेलं.

ते उभे राहिले. कागद उघडला. अक्षरं दिसेनात. त्यांनी कागद पुन्हा घडी करून ठेवला.

"प्रेरणा बारावी झाली तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. बायकांच्या रांगेत बसलेल्या धोंडबांच्या लेकीनं, प्रेरणानं, मान वर केली. "दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख. मार्कशीट कपाटात. अन् वहिनी चावी घेऊन आमगावले, भावाकडे. हा सुगत हातोडी घेऊन आला. धोंडबा म्हणाले, ठेव ते खाली. पहाटेच्या पॅसेंजरनं गेले, वहिनीले घेऊन आले, दोघांनी मिळून कपाट उघडलं, अन् सांजच्या गाडीनं तिले परत आमगावले पोचवून आले."

मांडवात हसू पसरलं. कोणीतरी म्हणालं, "नुसती चावी आणली असती ना!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, बिसेनजी, नुसती चावी आणली तर कपाट माह्या एकट्याचं होईन." बाबुलाल थांबले. आतल्या खिशात हात घातला. "ही त्यांची चावी. दवाखान्यात मले देली. मी... मी भ्यालो सांगायले."

मांडवात माना वळल्या.

"काका!" सुगत ताडकन उठला. "आम्ही अख्खं घर उलटं केलं! अन् तुमच्या खिशात?"

"हो बेटा."

गिरजाबाई जमिनीला हात टेकून हळूहळू उठल्या. पदराच्या गाठीतून आपली चावी सोडवली. "चला भाऊजी."

"वहिनी, ही तुमच्याजवळच ठेवा आता."

"दोन्ही मी ठेवू? अठ्ठावन्न वर्षं ज्यानं ठेवू नाही देल्या, त्याच्या पुण्यानुमोदनाच्याच दिवशी?"

सुगत काहीतरी बोलणार होता. प्रेरणानं त्याचा दंड धरला.

आत कपाटापुढे दोघांच्या दोन चाव्या फिरल्या. वरच्याच फळीवर कापडात बांधलेली एक वही होती. कपाट उघडलं की तारीख घालायची आणि दोघांनी सही करायची, हाही बँकेचाच कायदा. गिरजाबाईंनी पहिलं पान उघडलं. एका रकान्यात धोंडबांची वळणदार सही, शेजारच्यात निळा, पसरलेला अंगठा. त्याखाली पुन्हा अंगठा. पाच-सहा पानं नुसते अंगठेच. मग एके ठिकाणी, रेघेच्या वर-खाली गेलेलं, "गिरजा". पुढं "गिरजाबाई". आणि मार्कशीटच्या तारखेला रकान्यात न मावणारी, ठसठशीत, "गिरजाबाई धोंडबा रामटेके".

सुगत आईच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्यानं खिशातून फोन काढला आणि कुलूपवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

गिरजाबाईंनी शेवटचं पान काढलं, आजची तारीख घातली, आपली सही केली आणि पेन बाबुलालांपुढे धरलं. "त्यांच्या रकान्यात करा."

जन्मभर लिहिण्यावाचण्यात गेलेल्या माणसानं पेन टेकवलं. हात इतका थरथरत होता की "बा"सुद्धा उमटेना.

गिरजाबाईंनी वही त्यांच्याजवळ सरकवली.

"होत नसन तर अंगठा लावा भाऊजी," त्या म्हणाल्या. "मीही तिथूनच सुरू केलं होतं."