गळकी झारी आणि लिंबाची कुंडी

मी झारी बोलतेय. पत्र्याची, हिरव्या रंगाची आणि आता बुडाशी गळणारी. हसू नका. मी ज्या वृद्धनिवासात राहते, तिथे प्रत्येकाचं काही ना काही कुरकुरतंच.

एका कारागिराने मला ठोकून घडवलं, माळ्याने बाजारातून आणलं आणि इथल्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला टांगलं. थंडीत मला सुट्टी. सगळे अंगणात ऊन खात विणायला बसतात, पण विणण्यापेक्षा गप्पाच लांबतात. थंडी सरली की वाफे खणायचे, बिया पेरायच्या आणि कोणाचे टोमॅटो आधी लाल होणार यावरून हमरीतुमरीवर यायचं. मग माझी धावपळ सुरू. थरथरत्या हातांनी उचललं की निम्मं पाणी चपलांनाच मिळतं, तरी मला ते हात आवडतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर वेल्डरकाका राहायला आले. आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस. बायको नुकतीच गेली होती. सोबत एक पेटी आणि तिने बी लावून वाढवलेलं लिंबाचं झाड. काकांनी कुंडी दाराबाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. चहा खोलीत, जेवण खोलीत. सकाळी झाडाला पेलाभर पाणी घालायला तेवढे बाहेर यायचे, तेही मान खाली घालून.

"बिचाऱ्यांचं झाड तरी जगायला हवं," असं बाईंना, म्हणजे निवृत्त शिक्षिकेला, वाटलं. त्यांनी नाश्त्याआधी मला गुपचूप उचललं. नाश्त्यानंतर इकडेतिकडे बघत नर्सताई आल्या. दुपारी सगळे घोरत असताना ड्रायव्हरकाका आले, ज्यांनी जन्मभर बस चालवली. कोणी कोणाला बोललं नाही, कारण केलेलं बोलून दाखवायचं नाही अशी इथली रीत. मला तोंड आहे, पण त्यातून पाणीच येतं.

पानं पिवळी पडायला लागली. प्रत्येकाला वाटलं, पाणी कमी पडतंय! मग काय, माझ्या फेऱ्या वाढल्या. जीव तुटत होता माझा.

शेवटी एका संध्याकाळी काकांनी मातीत बोट घातलं. नुसता चिखल.

"कोणी बुडवलं हिचं झाड?" ते इतक्या मोठ्याने ओरडले की अंगणातली मंडळी धावत आली.

"मी... सकाळी थोडंसं घालायचे," बाई म्हणाल्या.

नर्सताईंनी चमकून पाहिलं. "अहो, मग मी पण घालत होते की!"

"आणि दुपारी मी," ड्रायव्हरकाका पुटपुटले. "चुकलंच हो आमचं. तुमचं दार वाजवायचा धीर होईना, म्हणून झाडाला पाणी."

काका कुंडीपाशी खाली बसले आणि ढसाढसा रडले. बायकोच्या हातचं तेवढंच उरलं होतं. कोणी समजूत घालत बसलं नाही. नर्सताईंनी कात्री आणली, बाईंनी कोरडी माती चाळली, ड्रायव्हरकाकांनी झाड धरून ठेवलं आणि काकांनी कुजलेली मुळं हळूहळू कापून काढली.

"चहा टाकलाय," काम झाल्यावर बाई म्हणाल्या. "इथे आणू, की येताय?"

"येतो," काका म्हणाले.

पाऊस सरता सरता झाडाला नवी पालवी फुटली. त्याच सुमारास माझ्या बुडाला भोक पडलं. व्यवस्थापकबाईंनी प्लास्टिकची नवी झारी आणली आणि मला भंगारात द्यायला निघाल्या.

"वेल्डर घरात असताना भंगार कसलं?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "भोक बुजवून टाका हो."

वेल्डरकाकांनी मला पालथं केलं, भोकावरून बोट फिरवलं.

"नाही बुजवणार. आणि टाकूनही देणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही मंडळी काही ऐकणाऱ्यातली नाही. नळापासून माझ्या दारापर्यंत येईस्तोवर ही निम्मी रिकामी होईल. झाडाला तेवढंच पुरे."

आता पुन्हा थंडी पडलीय, पण मला सुट्टी नाही. व्हरांड्यात माझ्या थेंबांची रांग उमटते. फरशी पुसणाऱ्या मावशी माझ्या नावाने बोटं मोडतात. काका मात्र दार उघडून ती रांग बघतात आणि "कोण येऊन गेलं रे?" म्हणत थेंबांच्या मागे मागे अंगणात येतात. तिथे बाई त्यांना विणायला शिकवतायत. विद्यार्थी ढ आहे, पण रोज हजर असतो.

म्हणून एकच विनंती. तुमच्या हातात कितीही कसब असलं, तरी मला दुरुस्त करू नका. त्यांच्या दारापर्यंत कोणीतरी चालत आलं होतं, हे त्यांना माझ्या गळण्यावरूनच कळतं.