बाळाराम फिरवायचे ते बटण

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे, आणि आधीच सांगून ठेवते, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन जवळ येणाऱ्या माणसावर माझा काडीचाही विश्वास नाही. तुम्ही म्हणाल, काय ही संशयी! असेन. माझ्यावर जे बेतलं ते तुमच्यावर बेतलं असतं, तर तुम्हीही दाराला दोन कड्या लावून बसला असता.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. डोक्यावर कंपनीचं नाव आहे खरं, पण ते नंतर कुणीतरी चिकटवलं असावं, असा मला पहिल्यापासून संशय आहे. लाकडाचं जड अंग, चार जाड तारा आणि पोटाशी दोन बटणं. एक बटण आवाज लहानमोठा करतं. दुसरं टोनचं. ते पूर्ण उघडलं की माझा आवाज खणखणीत, टोकदार होतो. बंद करत नेलं की तोच आवाज मऊ होऊन घुमायला लागतो. हे दुसरं बटण तेवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

माझा पहिला मालक उत्तनकडचा. लग्नांत वाजवायचा, बरा वाजवायचा. एके दिवशी त्याने माझ्या पाठीमागचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, ढिल्या तारा जोडल्या, अंगाला तेलाचा हात लावला. मी मेली हुरळून गेले! म्हटलं, किती जीव आहे याचा माझ्यावर. दुसऱ्या दिवशी मी भाईंदरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, बिघडलेल्या मिक्सरच्या शेजारी उभी होते. विकायचं म्हणून नटवलं होतं मला. झाकण उघडलं की घर सुटतं, एवढं मी त्या दिवशी शिकले.

तिथून मला मुर्ध्याला आणलं ते बाळारामांनी. त्यांची बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. मुर्ध्यापासून तारोडीपर्यंत कुणाकडे हळद असली की त्याच्याशिवाय पाय हलत नाहीत. बाळाराम बेंजो वाजवायचे, त्यांचा पुतण्या भूपेश ऑक्टोपॅड बडवायचा आणि मला वाजवायची बाळारामांची लेक, चांदणी. मुलगी काय वाजवणार, म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली. मग तीच माणसं हळदीच्या मांडवात माझ्याभोवती नाचायला लागली. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजायचे, तर चांदणी रोज पुसायची आणि आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवायची. खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते.

फक्त बाळारामांचं एक वागणं मला खटकायचं. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी ते माझ्यापाशी यायचे, वाकून डावा कान जवळ आणायचे आणि सगळ्यांत जाड तार छेडायचे. टोनचं बटण पूर्ण उघडून परत छेडायचे, पूर्ण बंद करून परत छेडायचे. मग मान हलवून निघून जायचे. मला भारी राग यायचा. एवढं काय तपासता? चोरीचा माल आहे का मी? या माणसाचा आपल्यावर भरवसा नाही, अशी मी मनाशी गाठच मारली.

पुढे पुढे ते बटण पूर्ण उघडूनच ठेवायला लागले. चांदणीने कमी केलं की गाणं चालू असताना हात लांब करून परत पिरगळायचे. माझा आवाज पत्र्यासारखा वाजायचा. राईच्या एका हळदीत तर बायकांनी कानांवर हात ठेवले. चांदणीला कारण कळलं होतं. बाबांच्या टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, मोबाईल वाजलेला त्यांना समजत नव्हता. बाबांना ऐकू कमी येतंय, म्हणून बटण उघडं लागतंय! पण त्यांना सांगणार कोण? तीन घरं पलीकडे कुणी बेसूर गायलं तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्यांना? भूपेश मात्र स्पष्टच म्हणाला की काकांनी आता घरी बसावं, नाहीतर सुपाऱ्या हातच्या जातील. बेंजोवाचून बाबा जगायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी तिने मला पाठीवर टाकलं आणि जेसल पार्कला उर्मिलाच्या घरी नेलं. उर्मिला तिची मैत्रीण, साउंडवाल्यांची यंत्रं दुरुस्त करणारी. तिने मला टेबलावर पालथं घातलं आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. उद्या परत एखाद्या मिक्सरच्या शेजारी उभं राहायचंय, दुसरं काय! लुगड्यात गुंडाळायचं प्रेम तेवढंच, असं मनात म्हणत मी तळमळत पडून राहिले.

पण मला विकायचं नव्हतं. टोनच्या बटणाला जोडलेला एक कपॅसिटर असतो, तोच आवाजाची धार बोथट करतो. उर्मिलाने तो काढला आणि त्याच्यापेक्षा लहान कपॅसिटर बटणाला वळसा घालून सरळ जोडून टाकला. आता माझा आवाज कायमचा मऊ राहणार होता. बटण जागच्या जागी होतं, पण ते नुसतंच गरागरा फिरणार होतं.

“बटण फिरेल, पण त्याने काहीच होणार नाही,” उर्मिला म्हणाली. “काकांना सांगणारेस ना?”

चांदणी म्हणाली, “नको. त्यांना फिरवू दे की. त्यांचं मन पण राहील आणि आपलं काम पण होईल.”

उर्मिलाला ते काही पटलं नाही, तरी तिने झाकण लावलं. मी विकली गेले नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकला, पण नवा संशय धरलाच. जी मुलगी बापाला फसवते ती उद्या मला सोडेल का?

पुढच्या हळदीला बाळाराम नेहमीसारखे आले, वाकले. तार छेडली, बटण उघडलं, छेडली, बंद केलं, छेडली. मग ते तसेच वाकून राहिले. परत उघडलं, परत बंद केलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण तार छेडल्याशिवाय मला वाचा नाही आणि छेडली तरी एकच सूर. बाळाराम बेंजोपाशी जाऊन बसले. त्या दिवशी सगळे खूश होते. आज बेस एक नंबर, असं भूपेश म्हणाला. बाळाराम दुसऱ्यांच्या हातांकडे बघत बघत वाजवत होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर घरात कुणी नसलं की ते मला मांडीवर घ्यायचे, छोट्या ॲम्प्लिफायरला जोडायचे आणि तेच करायचे. उघड, बंद. उघड, बंद. मी समजले, यांनी लबाडी पकडली, आता माझी रवानगी होणार. झालं उलटंच. एका सकाळी त्यांनी बेंजो फडक्यात बांधून कपाटावर ठेवून दिला आणि भूपेशला बोलावून सांगितलं की पार्टी तू सांभाळ, बेंजोला दुसरा माणूस बघ.

बटणाचं कळलं म्हणून बाबा रागावले असणार, असं चांदणीला वाटलं. ती आईपाशी गेली. मी तिथेच भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. आई, म्हणजे मंजुळाबाई, मासळी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“रागावले न्हाय गं, घाबरलेत,” त्या म्हणाल्या. “त्या बटणावर ते आपले कान तपासायचे. फरक समजला की मना येऊन सांगायचे, अजून चालतंय. आता म्हणतात, फरकच समजत न्हाय. कान साफ गेले.”

आपण बाबांचं काय करून ठेवलं, ते चांदणीला आत्ता कळलं. आणि माझं काय झालं म्हणून सांगू! इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस माझ्यावर संशय घेतोय. तो बिचारा स्वतःच्या कानांची खात्री करून घेत होता, आणि ती करून घ्यायला त्याने मला निवडलं होतं. मला माझीच लाज वाटली.

चांदणीने उर्मिलाला बोलावून घेतलं. उर्मिला येईपर्यंत बाबांसमोर बसून तिने सगळं सांगितलं, रडत रडत माफी मागितली. बाळाराम तिच्या ओठांकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, “मना बरं वाटावं म्हणून आता बोलतेस. तवा पण त्यासाठीच केलंस ना?”

एकदा फसवलेल्या माणसाला खरं सांगितलं तरी ते खोटंच वाटतं. उर्मिला आली, तिने त्यांच्यासमोर माझं झाकण उघडलं आणि नवा कपॅसिटर काढून जपून ठेवलेला जुना होता तसा बटणाला जोडला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, उघडा लवकर, हात चालवा!

तरी बाळारामांचा संशय जाईना. ते माझ्याकडे पाठ करून बसले. “तू फिरव,” ते म्हणाले. “मी सांगतो उघडं का बंद. मना खाणाखुणा करू नको.”

चांदणीने बटण उघडलं, तार छेडली. बाळारामांनी डावा कान जरा मागे वळवला. मग हळूच म्हणाले, “उघडं.”

“बरोबर, बाबा,” ती मोठ्याने म्हणाली.

तिने बंद केलं. “बंद,” ते म्हणाले. तेही बरोबर होतं. त्यांची पाठ जरा सैल झाली. मग तिने बटण अर्ध्यावर आणलं, त्यावरून थोडं उघडलं आणि परत छेडलं. “बंदच हाय,” बाळाराम म्हणाले.

चांदणीने आईकडे बघितलं. मंजुळाबाईंनी डोळ्यांनीच विनवलं, हो म्हण. एका शब्दाचं तर काम होतं.

“नाही बाबा,” चांदणी म्हणाली. “चुकलं. उघडं होतं.”

बाळाराम वळले. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. पण ते लेकीकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. “चुकलं ना?” ते म्हणाले. “म्हणजे आधीची दोन खरंच बरोबर होती.” मग त्यांनी स्टूल मागितलं आणि कपाटावरून बेंजो खाली काढला.

आता त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. ते अजून कार्यक्रमाच्या आधी माझ्यापाशी येतात, वाकतात, बटण उघडून आणि बंद करून बघतात. मग बटण कुठे ठेवायचं ते चांदणीला विचारतात आणि तिथेच ठेवतात. मला आता राग येत नाही.

मित्रांनो, डोक्यावरच्या त्या नावाबद्दलचा माझा संशय अजून गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं वाद्य असेल तर त्याला खाऱ्या वाऱ्यापासून जपा, रोज पुसा. त्याचं पोट उघडून आतल्या तारा बदलायच्या असतील तर खुशाल बदला. फक्त त्याच्या बटणावर रोज कुणाचा हात असतो ते आधी बघा, आणि त्या माणसाला समोर बसवूनच झाकण उघडा.