कधी न उघडणारी काच

आमच्या जानेफळच्या घराची जुनी लाकडी खिडकी माह्या नवऱ्यानं उन्हाळ्यात काढून टाकली. तिच्या फटीतून एसीची थंडी निघून जाते अन् बिल फुकटचं वाढते, म्हणे. मेहकरहून माणूस आणून तिथं जाड काच बसवली, कधी न उघडणारी.

"वारा कुठून घ्यावा मंग?" मी इचारलं.

"वाराच नाही पाहिजे," ते म्हणाले.

दिवाळीनंतर बीटीच्या कापसाचा भाव पडला, म्हणून भाव चढेपर्यंत कापूस त्याच काचेच्या खोलीत भरायचा ठरला. आमच्यात कापूस तुडवायचं काम बाईचं. माणसं दारातून कापूस फेकतात. बाई आत तो तुडवत मागं मागं सरकते, अन् दार गच्च भरलं की खिडकीतून बाहेर उतरते. लग्न झाल्यापासून मी हेच करून राह्यली.

यंदाही तेच केलं. दार चौकटीपर्यंत भरलं, तशी सवयीनं पाय उचलून वळली, तं पुढं काच.

कापसाचे तंतू नाकातोंडात जाऊन राह्यले होते. मी दोन्ही हातांनी काच बडवली. बाहेर नवरा घरी आलेल्या पाहुण्याले नवी खिडकी दाखवत होता. माह्याकडं पाहून ते हसले. मंग नवऱ्यानंही बाहेरून काचेवर जोरात बुक्की मारली, पाहुण्याले मजबुती दाखवाले.